डफी-बंधक प्रथिन, पुनःसंयोजित

व्हायव्हॅक्स हिवतापाचा परजीवी माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत शिरताना ज्या प्रथिनाच्या आधारे तिला चिकटतो, त्याचा प्रयोगशाळेत जीवाणूंकडून करवून घेतलेला तुकडा. मूळ प्रथिनाचे वजन सुमारे १४० किलोडाल्टन (रेणूंचे वजन मोजण्याचे एकक). चिकटण्याचे खरे काम त्यातला ‘दुसरा विभाग’ करतो. तो सुमारे ३९ किलोडाल्टनचा असून लस-संशोधनासाठी आणि चाचण्यांसाठी तेवढाच तयार करतात.

सातारा-सांगलीकडे या आजाराला थंडीताप असेही म्हणतात. आरोग्यसेवक बोटातून रक्ताचा थेंब काढून काचपट्टी करतो. अहवालात ‘पीव्ही’ (प्लास्मोडियम व्हायव्हॅक्सचे लघुरूप) आले, तर तीन दिवस क्लोरोक्वीन आणि चौदा दिवस प्रायमाक्वीन. ताप दोन-तीन दिवसांत उतरला की उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात, आणि नेमके तिथेच चुकते. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात निद्रिस्त असतात. रक्ताच्या काचपट्टीवर ते दिसत नाहीत, पण काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात. प्रायमाक्वीन त्यांच्यासाठीच असते.

फॅल्सिपेरम हा हिवतापाचा दुसरा परजीवी १९७६ पासून प्रयोगशाळेत सतत वाढवता येतो. व्हायव्हॅक्सबाबत ते आजही जमलेले नाही. त्याला नुकत्याच तयार झालेल्या, कोवळ्या तांबड्या पेशीच लागतात, आणि अशा पेशी रक्तात शेकडा एक-दोनच असतात. त्यामुळे जिवंत परजीवीवर काम करायचे तर ताज्या रुग्णाचे रक्त हवे. पुनःसंयोजित प्रथिनाचे मोल यातच आहे. परजीवी न पाळता, कुणाला संसर्गाचा धोका न पत्करता, त्याच्या एका अवयवाचा अभ्यास करता येतो. कराड-मिरजेसारख्या ठिकाणच्या प्रयोगशाळेलाही डास पाळण्याची खोली नसताना हे काम हाती घेता येते. उणे ८० अंशांचा फ्रीझर आणि न खंडणारी वीज मात्र हवी.

प्रथिनाचे नाव ‘डफी’ या रक्तगटावरून पडले. पश्चिम आफ्रिकेतील बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर डफी प्रतिजन (पेशीच्या पृष्ठभागावरची रक्तगटाची खूण) नसते आणि तिथे व्हायव्हॅक्स फारसा आढळत नाही. लुईस मिलर आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली या दोन गोष्टींची सांगड घातली. पुढे चेतन चिटणीस आणि मिलर यांनी १९९४ मध्ये दाखवले, की डफीला धरणारा भाग म्हणजे दुसरा विभागच. नियमाला अपवादही निघाले. मादागास्करमध्ये डफी नसलेल्या लोकांतही व्हायव्हॅक्स आढळल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील बहुतेकांच्या पेशींवर मात्र डफी असते, म्हणून हे प्रथिन आपल्याकडे महत्त्वाचे ठरते.

तयार करण्याची रीत ऐकायला सोपी आहे. जनुकाचा तेवढा भाग प्लास्मिडमध्ये (डीएनएच्या छोट्या वलयात) घालून तो ई. कोलाय जीवाणूत सोडायचा, जीवाणू वाढवायचे आणि प्रथिन काढून घ्यायचे. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. या तुकड्यात १२ सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्ले) आहेत आणि त्यांच्या जोड्या नेमक्या जुळल्या तरच त्याला योग्य घडी पडते. जीवाणूच्या पोटात ती पडत नाही. प्रथिनाच्या निरुपयोगी गुठळ्या साचतात. त्या ग्वानिडिन या घडी उलगडणाऱ्या रसायनात विरघळवून, द्रावण भरपूर पातळ करून घडी नव्याने बसू द्यावी लागते. मग स्तंभांमधून गाळून शुद्धीकरण. प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर एकच स्वच्छ पट्टी दिसली म्हणून काम झाले असे मानणे ही नवख्यांची नेहमीची चूक. घडी बिघडलेले प्रथिनही तिथे तसेच दिसते. प्रथिन डफी असलेल्या पेशीला चिकटते आणि डफी नसलेल्या पेशीला चिकटत नाही, ही खरी कसोटी. नवी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रातील गटाने अशी घडी बसवलेल्या प्रथिनाचे गुणधर्म २००१ मध्ये प्रसिद्ध केले. या विषयातले हे पायाभूत काम भारतात झाले, याची नोंद आवर्जून करायला हवी.

लसीच्या दिशेने पाऊल पडले आहे, पण छोटे. ऑक्सफर्डमधील स्वयंसेवकांना हे प्रथिन मॅट्रिक्स-एम या लसीचा परिणाम वाढवणाऱ्या साहाय्यकासह ०, १ आणि १४ महिन्यांनी टोचले गेले. नंतर त्यांना मुद्दाम व्हायव्हॅक्सची लागण केली, तेव्हा परजीवींच्या वाढीचा वेग सरासरी ५१ टक्क्यांनी मंदावलेला आढळला (२०२३). परजीवीच्या वाणांनुसार हा विभाग थोडा बदलतो आणि एका वाणाविरुद्धची प्रतिपिंडे (संसर्गाविरुद्ध शरीराने बनवलेली संरक्षक प्रथिने) दुसऱ्यावर कमी पडू शकतात, ही मोठी अडचण. साताऱ्यापासून सुमारे ११० किलोमीटरवरच्या पुण्यात तयार होणारी आर-२१ ही लस फॅल्सिपेरमसाठी आहे. ‘पीव्ही’ टाळण्यासाठी ती नाही.

निदानात व्हायव्हॅक्सची पुनःसंयोजित प्रथिने याहून लवकर कामी येतील, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा आठ प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे मोजून गेल्या नऊ महिन्यांतला संसर्ग ओळखता आला. निद्रिस्त परजीवी बाळगण्याची शक्यता असलेला माणूस यातून हेरता येतो. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांवर हंगामात दूरदूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या येतात. कोपीत राहणाऱ्या त्या मजुराला आज ताप नसेल, तर काचपट्टी कोरीच येते. रक्ताच्या एका थेंबातली प्रतिपिंडे मात्र मागचा संसर्ग सांगू शकतात.