सरकार कोणाच्या विचारांचं?

जुलै 2024 मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाने 650 पैकी 411 जागा जिंकल्या. मतं होती सुमारे 34 टक्के. त्याच निवडणुकीत रिफॉर्म यूके या पक्षाला 14 टक्के मतं पडूनही अवघ्या पाच जागा मिळाल्या, तर लिबरल डेमोक्रॅट पक्षाने 12 टक्के मतांवर 72 जागा पटकावल्या. रिफॉर्मची मतं देशभर विखुरलेली होती, लिबरल डेमोक्रॅट पक्षाची मोजक्या मतदारसंघांत एकवटलेली.

मतं आणि जागा यांच्यातली तफावत मोजणं तसं सोपं. खरा अवघड प्रश्न पुढचा आहे: सत्तेवर आलेल्या सरकारचे विचार लोकांच्या विचारांशी कितपत जुळतात?

राज्यशास्त्राचे अभ्यासक त्यासाठी एक पट्टी वापरतात. 0 म्हणजे टोकाचे डावे, 10 म्हणजे टोकाचे उजवे. तुम्ही कुठे बसता, असं सर्वेक्षणात विचारलं जातं. तज्ज्ञांना विचारून किंवा जाहीरनामे तपासून पक्षांनाही याच पट्टीवर बसवतात. सरकार आघाडीचं असेल, तर घटक पक्षांची त्यांच्या संख्याबळानुसार सरासरी काढतात. मग सगळे नागरिक डावीकडून उजवीकडे ओळीने उभे केले, तर बरोबर मधोमध जो येईल, त्याच्यापासून सरकार किती लांब आहे ते बघायचं.

1990 च्या दशकातल्या अभ्यासांत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत सरस ठरली होती. मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, तिथली सरकारं या मधल्या माणसाच्या अधिक जवळ दिसली. पुढे जास्त देशांची आणि जास्त वर्षांची आकडेवारी हाती आली, तसा हा फरक जवळजवळ पुसला गेला. प्रमाणशीर पद्धतीत संसद लोकांसारखी दिसते, पण मंत्रिमंडळात बहुमत जुळवणारेच पक्ष जातात, बाकीचे विरोधात बसतात. दुसरीकडे, सर्वाधिक मतं मिळवणारा उमेदवार विजयी ठरतो त्या पद्धतीत लढत दोन मोठ्या पक्षांत असली, की मधल्या मतदारांसाठी दोघेही मध्याकडे सरकू शकतात.

पण फक्त मधला माणूस बघणं मला अपुरं वाटतं. समजा, एका समाजात पाच जण आहेत आणि पाचही जण 5 वर आहेत. दुसऱ्या समाजातले पाच जण 0, 0, 5, 10 आणि 10 वर आहेत. दोन्हीकडे मधला माणूस 5 वरच, आणि समजा सरकारही 5 वर. अंतर दोन्हीकडे शून्य! प्रत्येक नागरिकापासूनचं अंतर काढून सरासरी घेतली, तर मात्र पहिल्या समाजात ते शून्यच राहतं आणि दुसऱ्यात 4 होतं. तिथे कुठलंही सरकार आलं तरी अनेकांना ते परकंच वाटणार. म्हणूनच सगळे विचार निदान संसदेत तरी पोचणं मला फार मोलाचं वाटतं, आणि त्या बाबतीत प्रमाणशीर पद्धतीचं पारडं आजही स्पष्टपणे जड आहे.

शिवाय, पट्टी एकच पुरते का? युरोपात असे पुष्कळ मतदार आहेत जे कल्याणकारी योजनांच्या बाबतीत डावे आहेत आणि स्थलांतरासारख्या प्रश्नावर उजवे. नेमकी ही जोडी जुळणारे पक्ष तिथे कमीच. असा मतदार सर्वेक्षणात स्वतःला 5 वर ठेवतो, तेव्हा मध्यममार्गी सरकार कागदावर त्याला अगदी चिकटून असतं. प्रत्यक्षात दोन्ही प्रश्नांवर ते त्याच्यापासून दूर असतं.