वॉडिंग्टन आणि एपिजेनेटिक्सची सुरुवात

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत बाळाची चाहूल लागली की गर्भसंस्काराच्या वर्गांची चौकशी सुरू होते. हल्ली या वर्गांच्या जाहिरातींत ‘एपिजेनेटिक्स’ हे नावही दिसतं: मंत्र, संगीत आणि घरच्यांचे अनुभव बाळाच्या जनुकांवर ठसतात आणि वारशात उतरतात, असा दावा. त्या नावाखाली काहीही खपू नये, म्हणून ते ज्यांनी दिलं त्या माणसाची ओळख हवी.

कॉनरॅड हॅल वॉडिंग्टन १९०५ साली इंग्लंडमध्ये जन्मले. वडील वायनाडच्या चहामळ्यात कामाला होते, म्हणून अगदी लहानपण तिथेच गेलं. चौथ्या वर्षी त्यांना नातेवाइकांकडे इंग्लंडला धाडलं. आईवडील १९२८पर्यंत भारतातच राहिले. केंब्रिजला भूगर्भशास्त्र शिकलेला हा तरुण पुढे कोंबडीच्या गर्भावर प्रयोग करू लागला आणि १९४७मध्ये एडिंबरा विद्यापीठात प्राध्यापक झाला.

त्यांचा प्रश्न साधा होता. सगळ्या पेशींत जनुकं तीच, मग एकीचं यकृत आणि दुसरीचा डोळा का होतो? त्या काळी आनुवंशिकीवाले आणि गर्भविज्ञानवाले एकमेकांच्या वाटेला फारसे जात नसत. १९४२मध्ये वॉडिंग्टननी या दोहोंमधल्या, म्हणजे जनुकांपासून शरीर कसं घडतं याच्या, अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हटलं. डीएनएची रचना उलगडायला तेव्हा अजून ११ वर्षं होती! १९५७च्या पुस्तकात त्यांनी त्याचं चित्रच काढलं: उतारावरून घरंगळणारा चेंडू म्हणजे पेशी, पुढे फुटत जाणाऱ्या दऱ्या म्हणजे तिच्यापुढच्या वाटा, एका दरीत शिरलेला चेंडू सहसा दुसरीत जात नाही.

त्यांचा फळमाश्यांवरचा प्रयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कोषातल्या माश्यांना ४० अंशांची उष्णता दिली, तेव्हा काहींच्या पंखांतली एक आडवी शीर गायब झाली. अशाच माश्यांची पैदास पिढ्यान्‌पिढ्या केल्यावर ती शीर उष्णतेशिवायही उमटेनाशी झाली. म्हणजे आयुष्यात आलेला बदल थेट वारशात उतरला का? वॉडिंग्टन म्हणाले, नाही. जनुकांतले फरक आधीपासून दडलेले होते; उष्णतेने ते उघडे पडले आणि निवडीने एकत्र आले. जाहिरातींत नेमका हाच भेद गाळला जातो.

१९७५च्या सप्टेंबरमध्ये ते गेले. त्याच वर्षी अमेरिकेत रिग्ज आणि ब्रिटनमध्ये हॉलिडे व प्यू या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलं, की डीएनएवर चिकटणारे मिथाइल गट, म्हणजे छोट्या रासायनिक खुणा, जनुकं चालू-बंद ठेवत असावेत. सस्तन प्राण्यांत यातल्या बहुतेक खुणा प्रजननपेशी घडताना पुसल्या जातात आणि फलनानंतर पुन्हा एकदा. त्यामुळे आजोबांचे अनुभव नातवात सरसकट उतरतात, असं म्हणायला आधार नाही.

आईच्या पोषणाची गोष्ट वेगळी. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. त्या उपासमारीत गर्भधारणा होऊन जन्मलेल्यांच्या आयजीएफ-२ या वाढीशी संबंधित जनुकावर, सहा दशकांनंतरही, त्यांच्याच भावंडांपेक्षा कमी मिथाइल खुणा आढळल्या. २००८मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास गरोदरपणाच्या सुरुवातीच्या उपासमारीबद्दल होता. मंत्र किंवा संगीत यांबद्दल त्यात काहीही नाही.