कोंडवाडा पालिकेकडे, कोठडी मंत्रालयाकडे

महापालिकेची निवडणूक आली की प्रभागातल्या उमेदवाराच्या पत्रकात पोलिसांबद्दल हमखास दोन ओळी असतात: चौकाचौकांत सीसीटीव्ही आणि वस्तीत पोलीस चौकी. ठाण्यात कुणाला मारहाण झाली तर तुम्ही काय करणार, हे त्याला कोणी विचारत नाही. विचारलंच तर ‘पीआय साहेब आपल्या ओळखीचे आहेत’ एवढंच उत्तर मिळेल.

दोष एकट्या त्याचा नाही. न्यूयॉर्कचा महापौर पोलीस आयुक्त स्वतः नेमतो, त्यामुळे तिथल्या उमेदवाराची पोलिसांबद्दलची भूमिका लोक तपासून घेतात. आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय. ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी १८ कामांची यादी दिली. तीत अग्निशमन आहे, स्मशानं आहेत, गुरांचे कोंडवाडेसुद्धा आहेत. पोलीस नाहीत.

पोलीस सुधारणांचा विषय निघाला की इंग्रजांच्या १८६१ च्या पोलीस कायद्याला झोडपायची रीत आहे. पण मुंबई इलाख्याचे कायदे वेगळे होते: जिल्ह्यांसाठी १८९० चा, मुंबई शहरासाठी १९०२ चा. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या जागी १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला, तोच आजचा महाराष्ट्र पोलीस कायदा. गोरा साहेब गेला, पण कलम ४ नुसार पोलीस दलावरची देखरेख राज्य सरकारकडेच राहिली.

१९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आठ अहवाल दिले, ते धूळ खात पडले. शेवटी निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लागला २२ सप्टेंबर २००६ ला, म्हणजे दहा वर्षांनी. अधिकाऱ्यांना दोन वर्षांचा निश्चित कार्यकाळ, तपास आणि बंदोबस्त वेगवेगळा, अशा सात निर्देशांत सामान्य माणसाच्या कामाचा एक होता: राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण, म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी यंत्रणा.

महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला तो २०१४ मध्ये, आणि ‘जिल्हा’च्या जागी ‘विभाग’, म्हणजे अनेक जिल्ह्यांचा गट, घातला. एका शब्दाचा फरक, पण केवढा! नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचं उघड झालं, आणि गुन्हा पोलिसांवरच दाखल झाला. ते प्रकरण राज्यभर गाजलं, म्हणून सीआयडीपर्यंत गेलं. न गाजलेल्या मारहाणीची दाद मागायची तर सांगलीकराचा विभाग पुणे, दोनशेहून जास्त किलोमीटरवर. रोजंदारी बुडवून तिथे किती जण जातील?

मग उमेदवाराच्या हातात काय उरतं? भिवंडी आठवा. १९८४ च्या दंगलीत होरपळलेलं हे यंत्रमागाचं गाव. तिथे १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. मोहल्ल्यातली साधी माणसं आणि तिथला पोलीस समोरासमोर बसू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. मुंबईने मोहल्ला कमिट्या सुरू केल्या त्या दंगलीनंतर. मुंबईच्या त्या दंगलींत ९०० माणसं मेली, आणि त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात पोलिसांवरही ठपका ठेवला.

भिवंडीतलं ते काम एका अधिकाऱ्याच्या चिकाटीवर उभं राहिलं होतं, कायद्याच्या कलमावर नाही. आपल्या प्रभागात अशी कमिटी आहे का, आणि ती शेवटची कधी बसली, हे तरी उमेदवाराला ठाऊक असायला हरकत नाही.