बायोडिझेलच्या बर्नरला वात कशी हवी?

समईत तेल ज्योतीपासून जेमतेम बोटभर अंतरावर असतं. कंदिलात रॉकेल चांगलं वीतभर खाली असूनही ज्योत तेवत राहते. तेल दाट, रॉकेल पातळ, म्हणून हा फरक. 40 अंश सेल्सिअसला बायोडिझेलची, म्हणजे खाद्यतेलासारख्या तेलापासून बनवलेल्या इंधनाची, विष्यंदिता (दाटपणाचं माप) साधारण 4 ते 5 चौरस मिलिमीटर प्रति सेकंद भरते. रॉकेलची त्याच्या निम्म्याहून कमी, तर खाद्यतेलाची 30च्याही वर. म्हणजे रॉकेलच्या स्टोव्हची वात तशीच ठेवून टाकीत बायोडिझेल ओतलं, की पहिली काही मिनिटं ज्योत छान दिसते आणि मग बसत जाते. वातीत आधी मुरलेलं इंधन संपतं, नवीन वेळेवर पोचत नाही.

हा जुनाच पेच आहे. दिव्यात वापरलं जाणारं दाट कोल्झा तेल (मोहरीच्या जातीच्या बियांचं) वातीतून उंच चढेना, म्हणून 1800 साली पॅरिसच्या कार्सेल या घड्याळजीने दिव्याच्या बुडाशी चावीचा पंप बसवला!

मला विचाराल तर वात कशाची, हा प्रश्न नंतरचा. आधी टाकी वर घ्या, ज्योतीच्या जितकी जवळ आणता येईल तितकी.

मग वातीचं विणकाम. धाग्यांमधल्या फटी बारीक असल्या की द्रव उंच चढतो, पण त्याच फटींतून वाहतो फार हळू. बायोडिझेलला उंची कमी आणि प्रवाह जास्त हवा, म्हणून वात जाड आणि सैल विणीची बरी. नळीत ती कोंबू नका. दोन बोटांनी ओढली की सरकली पाहिजे. नळी पितळेची असेल तर ज्योतीची उष्णता खाली उतरते, इंधन कोमट होऊन पातळ होतं आणि पुरवठा सुधारतो.

खरा त्रास टोकाशी होतो. रॉकेल साधारण 150 ते 300 अंशांत उकळून जातं, बायोडिझेलला 300च्या वर तापावं लागतं. इतक्या उष्णतेत त्याचा काही भाग वाफ होण्याआधीच चिकट होतो, काळा पडतो आणि फटी बुजवतो. सुती वात अशा वेळी कातरावी लागते. काचतंतूची वात जळत नाही, तिच्यावरची काजळी जाळून काढता येते. म्हणून मी तीच निवडेन.

बायोडिझेल बनवल्यावर पाण्याने नीट धुतलेलं नसेल तर मात्र कोणतीही वात टिकत नाही. बनवताना तयार होऊन त्यात उरलेल्या साबणाची वाफ होत नाही, तो टोकाशीच साचतो. बाटलीत बायोडिझेल आणि तितकंच पाणी घालून जोरात हलवा. अर्ध्या तासाने दोन्ही थर स्वच्छ वेगळे दिसले तर ते वापरा. मधे दुधट साय राहिली तर पुन्हा धुवा.