जॅझ ड्रमचा रियाज आणि तबकडीत न उमटलेला ठोका

तबकडी लावून तिच्याबरोबर ड्रम वाजवत जॅझ शिकण्याची पद्धत जॅझच्या तबकड्यांइतकीच जुनी आहे. मात्र सुरुवातीच्या तबकड्यांतून ड्रमवादनाचा फार थोडा भाग ऐकू येत असे. 1925 पर्यंत ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होई आणि बेस ड्रमच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) दणक्याने सुई उसळण्याची भीती असे, म्हणून ड्रमवादकांना बहुधा वुडब्लॉक (लाकडी ठोकळा) आणि काउबेल (धातूची घंटा) यांवर भागवावे लागे. विद्युत ध्वनिमुद्रणाने ही अडचण कमी केली, पण बेस ड्रम पुढेही दबलेलाच राहिला.

1 ऑगस्ट 1942 पासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला आणि तो पूर्णपणे मिटायला नोव्हेंबर 1944 उजाडले. नेमक्या त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये बीबॉप ही जॅझची नवी शैली आकार घेत होती. लय धरण्याचे काम बेस ड्रमकडून राइड सिम्बलकडे (काठीने वाजवायच्या मोठ्या झांजेकडे) जात होते आणि बेस ड्रम अनपेक्षित जागी वाजू लागला होता. हे स्थित्यंतर तबकड्यांवर फारसे उतरलेच नाही, त्यामुळे दूरच्या शिकणाऱ्याला नवी शैली एकदम तयार स्वरूपात ऐकू आली.

‘फेदरिंग’ या शब्दाचा गुंता येथूनच सुरू होतो. टाच टेकवून, बीटर (पायपट्टीने हलणारा ठोकणारा दांडा) कातड्यापासून दोन-तीन सेंटीमीटरच मागे घेऊन, चारही मात्रांवर बेस ड्रमला जेमतेम स्पर्श करणे म्हणजे फेदरिंग. हा ठोका वेगळा ऐकू येऊ नये, बेसच्या (खर्जातल्या तंतुवाद्याच्या) तारेखाली तो केवळ जाणवावा, हीच त्याची कसोटी असल्यामुळे तबकडीत तो सहसा सापडत नाही. परिणामी तबकड्यांवर शिकलेल्या अनेकांनी प्रामाणिकपणे असे मानले की आधुनिक जॅझमध्ये पायाने चार मात्रा वाजवतच नाहीत. मंचाजवळ बसून शिकलेले तितक्याच ठामपणे उलट सांगत राहिले. या वादात मंचाजवळच्या साक्षीला अधिक वजन द्यावे लागते, कारण ऐकू न येणे हा न वाजवल्याचा पुरावा होऊ शकत नाही. अर्थात द्रुत लयीत अनेक वादक चार मात्रा सोडून देत, हेही खरे आहे, आणि एकाच शब्दाखाली हे दोन प्रश्न मिसळल्याने वाद अधिकच चिघळला. 1955 पासून अमेरिकेतून शॉर्टवेव्हवर होणारे जॅझचे प्रसारण मुंबईतही ऐकले जाई. त्या खरखरीतून सिम्बल कसाबसा पोचे, तिथे या हलक्या ठोक्याचा प्रश्नच नव्हता.

1948 मध्ये आलेल्या दीर्घवादी तबकडीने (एलपीने) सलग रियाज शक्य केला. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची तबकडी 16⅔ वर लावली की लय निम्मी होई, पट्टी एक सप्तक खाली जाई आणि राइडवरच्या दोन ठोक्यांमधले अंतर मोजता येई. एक वाद्य वगळलेल्या तबकड्या 1950 मध्ये निघू लागल्या. 1967 मध्ये सुरू झालेल्या एका लोकप्रिय रियाजमालेत बेस एका बाजूच्या ध्वनिमार्गात आणि पियानो दुसऱ्या बाजूला होता, त्यामुळे ही दोन वाद्ये वाजवणारे स्वतःच्या वाद्याची बाजू बंद करू शकत. ड्रम मात्र दोन्ही बाजूंना होते. मुळात ही माला सॅक्सोफोन-ट्रम्पेटवाल्यांसाठी होती आणि ड्रम शिकणाऱ्यावर तिने अन्यायच केला. तबलावादकासाठी लेहरा जशी जागा मोकळी ठेवतो, तशी जागा येथे ठेवलीच नव्हती.

1990 च्या दशकापासून संगणकावर पट्टी न बदलता लय कमी करता येऊ लागली. 2019 मध्ये पूर्ण ध्वनिमुद्रणातून ड्रम वेगळे काढणारे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले झाले, आणि जुन्या मैफलीतला ड्रमवादक गाळून तिथे स्वतः बसणे घरोघरी शक्य झाले. तरीही गाळलेल्या आवृत्तीत सिम्बलची सळसळ मागे राहते, आणि बेसच्या तारेत मिसळलेला पायाचा तो हलका ठोका वेगळा काढणे या साधनालाही अवघड जाते.