टाउन मॅनेजर आणि आमदारकीतून त्या खुर्चीत आलेली माणसं

टाउन मॅनेजर म्हणजे अमेरिकेत गावाचा रोजचा कारभार बघायला निवडून आलेल्या मंडळाने पगारावर ठेवलेला माणूस. शहर असेल तर त्यालाच सिटी मॅनेजर म्हणतात. आपल्याला लगेच नगरपरिषदेचे मुख्याधिकारी आठवतात आणि कामं पुष्कळशी तीच, पण मुख्याधिकारी राज्य सरकार पाठवतं, तिथे मॅनेजर गावच शोधतं, गावच त्याची मुलाखत घेतं आणि नाही पटलं तर गावच घरी पाठवतं. म्हणूनच तिकडे आमदारकी सोडून मॅनेजर होणं शक्य होतं, आणि न्यू इंग्लंडात, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांत, तशी ठळक उदाहरणं आहेत.

हे पद आलं कुठून यावर वाद आहे. कॅलिफोर्नियातलं युकाया १९०४ चा दावा करतं, पण तिथल्या अधिकाऱ्याकडे नेमके किती अधिकार होते यावर मतभेद असल्याने बहुतेक अभ्यासक तो दावा बाजूला ठेवतात. मग व्हर्जिनियातलं स्टॉन्टन. तिथे १९०८ मध्ये चार्ल्स ॲशबर्नर या इंजिनियरला जनरल मॅनेजर नेमलं. यामागचं कारण मजेशीर आहे. टेक्सासमधल्या गाल्व्हस्टनला १९०० चं वादळ झाल्यावर कमिशन पद्धत (निवडलेल्या मोजक्या लोकांच्या मंडळाने खाती वाटून घेऊन शहर चालवायचं) आली होती आणि तिचा तेव्हा बोलबाला होता, पण व्हर्जिनियाच्या राज्यघटनेत स्टॉन्टनएवढ्या शहराला दोन सभागृहांचं कौन्सिल ठेवणं भाग होतं म्हणून ती पद्धत घेता येईना, मग आहे त्या कौन्सिलच्या हाताखाली एक माणूस बसवला. रिचर्ड चाइल्ड्स या सुधारकाने हा मॅनेजर आणि कमिशनचं छोटं मंडळ एकत्र जोडलं. न्यूयॉर्कमधल्या लॉकपोर्टसाठी मांडलेली तशी योजना राज्याच्या विधिमंडळात अडली, पण साउथ कॅरोलिनातल्या समटरने १९१२ मध्ये मतदान करून ती घेतली. आता पहिला मान कुणाचा? नुसतं पद धरलं तर स्टॉन्टन, आणि मतदारांनी मंजूर केलेली पूर्ण पद्धत धरली तर समटर. माझ्या मते दुसरं जास्त बरोबर, कारण स्टॉन्टनात जुनं कौन्सिल तसंच राहिलं होतं. प्रसार मात्र ओहायोतल्या डेटनमुळे झाला. मार्च १९१३ च्या महापुरात तिथे साडेतीनशेहून जास्त माणसं गेली आणि १ जानेवारी १९१४ पासून मॅनेजर पद्धत सुरू झाली. त्याच वर्षी मॅनेजर लोकांची संघटनाही निघाली.

मॅसॅच्युसेट्समध्ये नॉरवुड हे सुरुवातीचं गाव धरतात, सनद (गावाचा कारभार कसा चालवायचा ते ठरवणारा दस्तऐवज) १९१४ च्या सुमाराची. गावात मॅनेजरच्या वर टाउन मीटिंग (मतदारांची सभा) आणि सिलेक्ट बोर्ड (निवडून आलेलं छोटं मंडळ) असतं. टाउन ॲडमिनिस्ट्रेटर असाही एक प्रकार आहे, त्याचे अधिकार साधारण कमी असतात, पण गावागणिक सनद वेगळी असल्याने नुसत्या नावावर जाऊ नये.

आमदार या खुर्चीत येण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण याच राज्यातल्या लोवेल शहराचं आहे, तिथे गेली काही वर्षं हे सलग चाललंय. केव्हिन मर्फी १९९७ पासून राज्याच्या हाउसमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात होते, २०१४ मध्ये सिटी मॅनेजर झाले. हायस्कूल डाउनटाउनमध्येच ठेवायचं की बाहेर हलवायचं यावर गाव पेटलं, नोव्हेंबर २०१७ च्या मतदानात लोकांनी डाउनटाउनच्या बाजूने कौल दिला, आणि २०१८ मध्ये मर्फी पायउतार झाले. त्यांच्या जागी आधी मेयर आणि नंतर स्टेट सेनेटर राहिलेल्या आयलीन डॉनह्यू आल्या आणि २०२२ मध्ये टॉम गोल्डन, जे १९९५ पासून हाउसमध्ये होते. मॅसॅच्युसेट्समधल्याच वुस्टरला एडवर्ड ऑगस्टस २००५ ते २००९ स्टेट सेनेटर होते आणि २०१४ ते २०२२ सिटी मॅनेजर, पोलर पार्क हे बेसबॉल स्टेडियम त्यांच्याच काळात, २०२१ मध्ये उघडलं. व्हरमाँटच्या मिल्टन गावात डॉन टर्नर २०१८ मध्ये टाउन मॅनेजरही होते आणि हाउसमध्ये रिपब्लिकन गटाचे नेतेही. व्हरमाँटचं विधिमंडळ वर्षातले काही महिनेच भरतं म्हणून असं जमतं.

लोवेलमध्ये चालणाऱ्या प्लॅन ई च्या (कौन्सिल आणि मॅनेजर असलेल्या कारभाराच्या नमुन्याच्या) कायद्यात मॅनेजर फक्त प्रशासकीय लायकीवर निवडावा असं स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे टीका होणारच. मॅनेजरांच्या संघटनेची आचारसंहिताही, जी १९२४ पासूनची आहे, राजकारणापासून लांब राहायला सांगते. पेन्शन वाढवायला आमदार ही खुर्ची घेतात या टीकेतला मुद्दाही खरा आहे, कारण राज्यात पेन्शन शेवटी सगळ्यात जास्त पगाराच्या तीन वर्षांवर (नव्या लोकांना पाच) ठरते आणि मॅनेजरचा पगार आमदाराच्या मूळ पगाराच्या बराच वर असतो. दुसऱ्या बाजूला शाळेच्या इमारतीला, रस्त्याला राज्याकडून पैसा आणायचा तर राजधानी बोस्टनमध्ये कुणाला फोन लावायचा हे जुन्या आमदाराला पाठ असतं. मला ही बाजू पटते, पण काम मात्र फार वेगळं आहे हे विसरू नये. लोवेलच्या कौन्सिलच्या अजेंड्यावर नगरसेवकांचे ठराव "सिटी मॅनेजरला विनंती की" असे सुरू होतात आणि पुढे असतं अमक्या कोपऱ्यावरचा दिवा, तमक्या गल्लीतला खड्डा, फुटपाथ. नगरसेवकाने थेट खात्याला हुकूम सोडायचा नाही, सगळं मॅनेजरमार्फत. वीस वर्षं स्वतः मागण्या करणाऱ्या माणसाला आता त्या मागण्यांची उत्तरं तयार करावी लागतात, तीही ज्यांच्या मतांवर त्याची नोकरी आहे त्यांच्यासमोर.

आमदार मॅनेजर झाला की त्याची जागा रिकामी होते हेही नोंदवायला हवं. मर्फींच्या मतदारसंघातून २०१४ च्या निवडणुकीत रेडी मॉम निवडून आले आणि ते अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळात बसणारे पहिले कंबोडियन वंशाचे आमदार ठरले.