वाक्य-वही कशी वापरावी

इंग्रजी वाक्यांच्या सरावाच्या या वहीत शब्दांची यादी का नाही, असं बरेच ग्राहक विचारतात. यादीत ‘बॉरो’पुढेही उसने आणि ‘लेंड’पुढेही उसने, कोण देतो, कोण घेतो हे कळायचं कसं? ‘कॅन आय बॉरो युवर पेन?’ म्हणजे मी घेतो. ‘कॅन यू लेंड मी युवर पेन?’ म्हणजे तुम्ही द्या. ही दोन वाक्यं तोंडात बसली की गोंधळ मिटतो.

रोज पाचच वाक्यं, पंधरा-वीस मिनिटं. वाक्य तीनदा मोठ्याने वाचा, पान झाकून लिहा, ताडून पाहा. मग त्यातला एकच शब्द बदला. ‘डझ धिस बस गो टू स्वारगेट?’मध्ये स्वारगेटच्या जागी हडपसर, कात्रज, निगडी घाला. एका दमात दोन-तीन शब्द बदलले तर चूक कुठे झाली ते सापडत नाही. तीच पाच वाक्यं दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी न बघता लिहा. अडलं त्यापुढे फुली मारा आणि ते दुसऱ्या दिवशीच्या पाचांत धरा.

बसच्या या वाक्यावर हमखास फुली पडते, कारण ‘डझ धिस बस गोझ’ लिहिलं जातं. साध्या वाक्यात ‘धिस बस गोझ’ बरोबरच आहे. प्रश्न करताना मात्र ‘गोझ’मधला ‘झ’ पुढच्या ‘डू’ला जाऊन चिकटतो, त्याचं ‘डझ’ होतं आणि मागे नुसतं ‘गो’ उरतं. ‘डिड यू वेंट’ चुकतं तेही याच कारणाने. भूतकाळ ‘डिड’ने आधीच उचललेला असतो.

दुसरं चिवट दुखणं ‘पासून’चं. मराठीत ‘2019पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ दोन्ही चालतं. इंग्रजीत सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर ‘सिन्स’, किती काळ गेला ते सांगायचं तर ‘फॉर’. शिवाय आपण ‘राहतो’ म्हणतो, म्हणून ‘आय लिव्ह इन कोथरूड सिन्स फाइव्ह इयर्स’ असं येतं. एका वाक्यात दोन चुका. हवं ते असं: ‘आय हॅव लिव्ह्ड इन कोथरूड फॉर फाइव्ह इयर्स.’

निघताना आपण ‘येतो हं’ म्हणतो. तिथे ‘आय अ‍ॅम कमिंग’ म्हटलंत तर समोरचा तुमची वाट बघत बसेल! ‘आय अ‍ॅम लीव्हिंग’ म्हणा.

‘अ’ की ‘अ‍ॅन’ हे स्पेलिंगवर नाही, उच्चारावर ठरतं: अ‍ॅन अवर, पण अ युनिव्हर्सिटी.

पत्रकात इंग्रजी वाक्यं देवनागरीत छापली आहेत ती उच्चारासाठी. वहीत रोमन लिपीतच लिहा, नाहीतर स्पेलिंग कच्चं राहतं. तीसेक फुल्या जमल्या की वही दुकानात आणून द्या. फुलीच्या वाक्यांचा जादा सराव आम्ही शेवटच्या कोऱ्या पानांवर लिहून देतो, त्याचे पैसे नाहीत.